वाचकांचे प्रश्न : इमॅक्सची पॅकेजेस कुठे शोधावीत, कशी पारखावीत

इमॅक्स या टेक्स्ट एडिटरविषयी अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : एडिटरमध्ये हवी ती सोय दिसत नसेल, तर ती पुरवणारे इतरांनी लिहिलेले पॅकेज कुठे मिळते आणि सापडलेल्या चार पॅकेजांतून एक निवडायचे कसे. या वेळचे सदर त्याच प्रश्नांना दिले आहे. आज्ञांची आणि कळांची नावे येथे देवनागरीत छापली असली, तरी ती टंकताना अर्थातच रोमन अक्षरे वापरायची आहेत. ‘मेटा’ म्हणजे बहुतेक कीबोर्डांवरची ऑल्टची कळ.

प्रश्न : मी पॅकेजांची यादी उघडतो तेव्हा मला काहीशे नावे दिसतात, पण माझ्या मित्राच्या संगणकावर हजारो दिसतात. इमॅक्स दोघांचेही सारखेच आहे. एका जुन्या लेखात ‘मार्मलेड’ नावाचे भांडार जोडायला सांगितले होते, पण ते उघडतच नाही. मी काय चुकतो आहे?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नांदेड

आपले काहीच चुकलेले नाही. इमॅक्स पॅकेजांची यादी स्वतः ठरवत नाही. ज्या भांडारांचे पत्ते त्याला दिलेले असतात, त्यांच्याकडून तो ती मागवतो. आपल्या आणि मित्राच्या संगणकांवर हे पत्ते वेगवेगळे आहेत, एवढाच फरक आहे.

इमॅक्सचा उगम १९७६ सालचा, एमआयटीच्या प्रयोगशाळेतला, आणि ग्नू इमॅक्स १९८५ पासून उपलब्ध आहे. पण पॅकेज उतरवून घेण्याची व्यवस्था त्यात अंगभूत झाली ती २०१२ मध्ये, आवृत्ती २४ बरोबर. त्याआधी लोक कोणाच्या तरी पानावरून फाइल उतरवत, ती एका फोल्डरमध्ये ठेवत आणि इनिट फाइलमध्ये (सुरू होताना इमॅक्स वाचतो त्या मांडणीच्या फाइलमध्ये) तिचे नाव हाताने लिहीत. जालावरच्या असंख्य जुन्या लेखांत आजही हीच रीत सांगितलेली आढळते, आणि नवा वापरकर्ता गोंधळतो तो बहुधा तिथेच.

आज ध्यानात ठेवण्यासारखी भांडारे तीन. पहिले ग्नू एल्पा. येथे येणाऱ्या पॅकेजच्या लेखकांना आपल्या कोडचे स्वामित्वहक्क फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे लेखी सोपवावे लागतात. ही अट जाचक वाटू शकते, पण तिच्यामुळेच येथले पॅकेज पुढे मूळ इमॅक्समध्ये सामावून घेता येते. दुसरे नॉन-ग्नू एल्पा. येथे हक्क सोपवण्याची अट नाही, मात्र पॅकेज मुक्त परवान्याखाली असावे लागते. २०२२ मध्ये आलेल्या आवृत्ती २८ पासून ही दोन्ही भांडारे इमॅक्समध्ये आधीपासूनच जोडलेली असतात. आपल्याला दिसणारी काहीशे नावे ती हीच.

तिसरे भांडार म्हणजे मेल्पा. ते स्वयंसेवक चालवतात, त्यात पाच हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत आणि ते इमॅक्सला आपण होऊन जोडावे लागते. त्यासाठी इनिट फाइलमध्ये लिहायची ओळ मेल्पाच्याच संकेतस्थळावर सुरुवातीच्या पानावर दिलेली आहे. ती तिथूनच घ्यावी, एखाद्या जुन्या लेखातून नव्हे. आपल्या मित्राने ती लिहिलेली असणार. मार्मलेड हे भांडार केव्हाच बंद पडले आहे. ऑर्ग मोड या इमॅक्समधल्या टिपणे-लेखनाच्या सुविधेचे एक स्वतंत्र भांडार होते, तेही त्याच्या ९.५ या आवृत्तीच्या सुमारास गुंडाळण्यात आले. एखाद्या लेखात यांपैकी कोणाचाही पत्ता जोडायला सांगितलेला दिसला, तर त्या लेखातला बाकीचा सल्लाही तितकाच जुना आहे असे समजून तो बाजूला ठेवावा.

मेल्पाविषयी एक बारकावा लगेच सांगतो, कारण त्याचा त्रास पुढे होतो. मेल्पा पॅकेजच्या मूळ रिपॉझिटरीतली (लेखक आपला कोड ठेवतो त्या जागेतली) ताजी अवस्था उचलते आणि आवृत्तीच्या जागी त्या दिवसाची तारीख व वेळ घालते. त्यामुळे एखाद्या पॅकेजची ग्नू एल्पावरील आवृत्ती २.३ अशी असेल, तर मेल्पावरच्या त्याच पॅकेजची आवृत्ती आठ आकडी तारखेने सुरू होणारी असते, आणि इमॅक्स दोन आकड्यांची तुलना करून मेल्पाचीच प्रत नवी मानतो. म्हणजे आपण मेल्पा जोडली की ग्नू एल्पावर तपासून प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीऐवजी काल रात्री लिहिलेला कोड नकळत घरात येऊ शकतो. हे नको असेल, तर ‘पॅकेज-आर्काइव्ह-प्रायॉरिटीज’ या चलात (सेटिंगमध्ये) ग्नू आणि नॉन-ग्नू यांना मेल्पापेक्षा मोठा क्रमांक द्यावा. मग इमॅक्स आवृत्तीचा आकडा न पाहता आधी भांडाराचा मान पाहतो. मेल्पा जोडणाऱ्या प्रत्येकाने ही ओळ त्याच दिवशी लिहावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

प्रश्न : मी मोडी कागदपत्रांचे लिप्यंतर करते. काही ठिकाणी मूळ मोडी मजकूरही युनिकोडमध्ये नोंदवून ठेवावा लागतो. इमॅक्समध्ये मोडी लिहिण्यासाठी कोणते पॅकेज घ्यावे? मेल्पावर शोधले, पण काही सापडले नाही.
— इतिहासाच्या अभ्यासक, पुणे

हा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण याचे उत्तर आपल्या संगणकावर आधीच असण्याची शक्यता आहे. मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ साली, आवृत्ती ७.० मध्ये आली, आणि २०२३ च्या जुलैत प्रसिद्ध झालेल्या इमॅक्स २९ मध्ये मोडीसाठी स्वतंत्र इनपुट मेथड अंगभूत देण्यात आली. कोणतेही पॅकेज उतरवावे लागत नाही.

कंट्रोल-एक्स दाबा, मग रिटर्न, मग कंट्रोल आणि उलटी तिरपी रेघ. खाली इनपुट मेथडचे नाव विचारले जाईल. तेथे ‘मोडी’ हे नाव रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहा. आता रोमन अक्षरे उच्चारानुसार टंकली की मोडी अक्षरे उमटू लागतील. कोणत्या कळेवर कोणते अक्षर आहे हे पाहण्यासाठी कंट्रोल-एच आणि त्यामागोमाग कंट्रोलसह उलटी तिरपी रेघ दाबावी. पूर्ण तक्ता उघडतो. नुसते कंट्रोल आणि उलटी तिरपी रेघ दाबले की मेथड बंद होते, पुन्हा दाबले की चालू होते. अक्षरांच्या जागी चौकोन दिसू लागले तर संगणकावर मोडीचा फॉन्ट नाही असे समजावे. ‘नोटो सान्स मोडी’ हा फॉन्ट विनामूल्य मिळतो.

देवनागरीसाठीही अशीच व्यवस्था आहे. ‘देवनागरी-इनस्क्रिप्ट’ आणि ‘देवनागरी-आयट्रान्स’ या दोन्ही मेथडी फार पूर्वीपासून इमॅक्सबरोबर येतात, आणि २०२० मधल्या आवृत्ती २७ पासून जोडाक्षरे मांडण्याचे काम हार्फबझ या लायब्ररीकडे सोपवलेले आहे. या मेथडींचा एक लाभ मराठीत लिहिणाऱ्यांना विशेष जाणवावा. विंडोज किंवा लिनक्सचा मराठी कीबोर्ड चालू असताना कंट्रोलबरोबर अक्षर दाबले, तर इमॅक्सला पुष्कळदा रोमन अक्षराऐवजी देवनागरी अक्षर पोचते आणि आज्ञा चालत नाही. इमॅक्सची स्वतःची मेथड फक्त मजकुरात उमटणाऱ्या अक्षरांना हात लावते. आज्ञांच्या कळा तशाच राहतात. मराठी परिच्छेद लिहितालिहिता फाइल जतन करण्यासाठी कीबोर्ड बदलावा लागत नाही.

आपल्या पत्राच्या निमित्ताने सर्वच वाचकांना सांगावेसे वाटते, की पॅकेज शोधण्याचे पहिले ठिकाण इमॅक्स हेच आहे. कंट्रोल-एच नंतर लहान पी दाबले, की अंगभूत सुविधांची विषयवार यादी उघडते. कंट्रोल-एच नंतर ए दाबून एखादा इंग्रजी शब्द दिला, की ज्या आज्ञांच्या नावात तो शब्द आहे त्या सर्व समोर येतात. ओळींचे क्रमांक दाखवण्यासाठी अजूनही लोक जुने पॅकेज शोधताना दिसतात, पण २०१८ च्या आवृत्ती २६ पासून ‘डिस्प्ले-लाइन-नंबर्स-मोड’ अंगभूत आहे आणि तो त्या जुन्या पॅकेजांपेक्षा कितीतरी चपळ आहे. प्रोग्रॅमिंगच्या भाषांसाठी लागणारे एग्लॉट आणि मांडणी सोपी करणारे यूझ-पॅकेज आवृत्ती २९ मध्ये आले. कोणत्या कळेनंतर काय दाबता येईल हे सुचवणारे व्हिच-की आवृत्ती ३० मध्ये आले. काल जे बाहेरून आणावे लागत होते, ते आज घरातच आहे.

प्रश्न : एकच काम करणारी तीन-चार पॅकेजेस दिसतात. उदाहरणार्थ, नावे पूर्ण करण्यासाठी हेल्म, आयव्ही, व्हर्टिको. मी मेल्पावरचा डाउनलोडचा आकडा पाहून निवड करतो. हे योग्य आहे का?
— प्रोग्रॅमर, ठाणे

डाउनलोडच्या आकड्यावर निवड करू नये. मेल्पावर सर्वाधिक उतरवल्या जाणाऱ्या पॅकेजांत डॅशसारख्या लायब्ररी असतात, आणि त्या कोणी हौसेने घेतलेल्या नसतात. दुसऱ्या शेकडो पॅकेजांना त्या लागतात म्हणून आपोआप येतात. शिवाय जे पॅकेज दहा वर्षे जुने आहे, त्याचा एकूण आकडा मोठा असणारच. आज ते किती लोक वापरतात आणि त्याची आज कोण काळजी घेते, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

मी पॅकेज निवडताना ते पॅकेज कोण सांभाळते याची निवड करत असतो. म्हणून पॅकेजच्या पानावरून त्याच्या मूळ रिपॉझिटरीत जावे आणि आधी वापरकर्त्यांनी नोंदवलेल्या तक्रारी वाचाव्यात. तक्रारींची संख्या महत्त्वाची नाही. लोकप्रिय पॅकेजच्या तक्रारी जास्त असणारच. पाहायचे ते हे, की त्यांना उत्तर मिळते का आणि ते कोणत्या भाषेत मिळते. ‘ही अडचण मलाही दिसली, अमुक आवृत्तीत दुरुस्त केली आहे’ किंवा ‘हे मी करणार नाही, कारण अमुक’, अशी उत्तरे देणारा माणूस पॅकेज मनापासून सांभाळतो आहे. वर्षभर एकाही तक्रारीखाली कोणी काही लिहिलेले नसेल, तर मात्र सावध व्हावे.

शेवटचा बदल केव्हा झाला, यावर लोक फार विसंबतात. माझे मत थोडे वेगळे आहे. एखादे लहान पॅकेज एकच काम करते आणि ते पूर्ण झालेले आहे, अशा वेळी दोन वर्षे त्यात काही बदल झाला नाही याचा अर्थ ते मेले असा होत नाही. उलट दर आठवड्याला बदलणारे पॅकेज दर आठवड्याला आपली घडी विस्कटू शकते. म्हणून तारखेपेक्षा हे पाहावे, की इमॅक्सची नवी आवृत्ती आल्यावर त्या पॅकेजने आवश्यक ते बदल केले का.

आता आपल्या उदाहरणाकडे वळतो, कारण ते बोधप्रद आहे. हेल्म आणि आयव्ही यांनी पर्याय दाखवण्याची स्वतःची स्वतंत्र यंत्रणा उभारली. त्यांच्यासाठी लिहिलेली इतर पॅकेजेस त्याच यंत्रणेवर उभी असतात, आणि उद्या हेल्म सोडायचे ठरवले तर तीही सोडावी लागतात. २०२० मध्ये हेल्मच्या मुख्य लेखकाने काम थांबवत असल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यावर विसंबलेल्या अनेकांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. पुढे काम पुन्हा सुरू झाले ही सुदैवाची गोष्ट. व्हर्टिको मात्र इमॅक्समध्ये आधीपासून असलेल्या ‘कम्प्लीटिंग-रीड’ या फंक्शनवरच उभे आहे. ते फक्त पर्याय उभ्या यादीत दाखवते. जुळणी कशी करायची हे ऑर्डरलेस ठरवते, पर्यायांच्या शेजारी माहिती मार्जिनेलिया दाखवते, आणि शोधाच्या नव्या आज्ञा कन्सल्ट पुरवते. ही चारही ग्नू एल्पावर आहेत आणि यांतले कोणतेही एक काढून टाकले तरी बाकीची चालू राहतात. व्हर्टिकोच उद्या नको झाले, तर अंगभूत ‘आयकम्प्लीट-व्हर्टिकल-मोड’ चालू करावा. बाकीचे काही बदलावे लागत नाही.

यातून एक कसोटी हाती येते : जे पॅकेज इमॅक्सच्या अंगभूत यंत्रणेला धरून लिहिलेले आहे त्याला प्राधान्य द्यावे, कारण ते सोडून देणे सोपे असते. एग्लॉट आणि तेच काम करणारे एलएसपी-मोड यांतही मी याच कारणासाठी एग्लॉट निवडतो. एलएसपी-मोडमध्ये सोयी अधिक आहेत हे मान्य. ज्याला त्या सोयी रोज लागतात त्याने ते जरूर घ्यावे.

प्रश्न : पॅकेज बसवताना ‘फाइल सापडली नाही’ अशी सूचना येते, पण संकेतस्थळावर तर ते पॅकेज दिसते.
— शिक्षक, चिपळूण

आपल्या संगणकावरची यादी शिळी झाली आहे. मेल्पा प्रत्येक पॅकेजची फक्त ताजी प्रत ठेवते, त्यामुळे गेल्या महिन्यात उतरवलेल्या यादीतला पत्ता आज अस्तित्वात नसतो. मेटा-एक्स दाबून ‘पॅकेज-रिफ्रेश-कंटेंट्स’ ही आज्ञा द्यावी आणि मग पॅकेज बसवावे.

सहीची पडताळणी होऊ शकली नाही अशी सूचना आली, तर कारण वेगळे असते. ग्नू एल्पावरील पॅकेजांवर डिजिटल सही असते आणि ती तपासण्याची किल्ली इमॅक्सबरोबर येते. २०१९ मध्ये जुन्या किल्लीची मुदत संपली आणि त्यासाठी इमॅक्स २६.३ ही आवृत्ती काढावी लागली. फार जुने इमॅक्स वापरत असाल तर अडचण तिथे आहे. सहीची तपासणी कायमची बंद करून टाका, असा सल्ला जालावर सर्रास दिसतो. तो मानू नये. इमॅक्सच नवे घ्यावे.

प्रश्न : मी एका वित्तीय कंपनीत काम करते. इमॅक्सची पॅकेजेस सुरक्षित असतात का? ब्राउझरमध्ये एक्स्टेंशन घालताना निदान परवानगी तरी विचारली जाते.
— सॉफ्टवेअर इंजिनिअर, न्यू जर्सी

आपली शंका अगदी रास्त आहे आणि तिचे उत्तर स्पष्ट शब्दांत द्यायला हवे. इमॅक्समध्ये पॅकेजला कोंडून ठेवणारी कोणतीही भिंत नाही. पॅकेज म्हणजे इमॅक्स लिस्प भाषेतला प्रोग्रॅम, आणि तो आपल्या खात्याच्या सर्व अधिकारांनिशी चालतो. आपण वाचू शकता ती प्रत्येक फाइल तो वाचू शकतो, आपण जी आज्ञा शेलमध्ये देऊ शकता ती तो देऊ शकतो, आणि जालावर काही पाठवूही शकतो. इतकेच नव्हे, तर पॅकेज बसवताना त्याचे बाइट-कम्पायलेशन (वेगाने चालणाऱ्या रूपात रूपांतर) होते तेव्हाच त्यातला काही कोड चालू शकतो. म्हणजे ‘आधी बसवतो, मग वाचून पाहतो’ हा क्रम चुकीचा ठरतो.

भांडारांची राखणही सारखी नाही. ग्नू आणि नॉन-ग्नू एल्पाच्या पॅकेजांवर सही असते, मेल्पाच्या नसते. मेल्पात नवे पॅकेज दाखल होताना स्वयंसेवक त्याचा कोड वाचतात आणि सूचना करतात, आणि ते हे काम विनावेतन व कसोशीने करतात, याबद्दल आपण सर्वांनी त्यांचे ऋणी असायला हवे. पण एकदा दाखल झालेल्या पॅकेजमध्ये लेखकाने पुढे केलेले बदल कोणी वाचत नाही. ते आपोआप बांधले जाऊन आपल्यापर्यंत येतात. पूर्वी मेल्पा इमॅक्सविकीवरूनही पॅकेजेस घेत असे. त्या विकीवरची पाने कोणालाही बदलता येत, म्हणून सुरक्षेच्या कारणास्तव हा मार्ग बंद करण्यात आला, आणि तो निर्णय योग्यच होता. आजही विकीवरून थेट फाइल उतरवून घेऊ नये. तिथले लेख वाचावेत, कोड नव्हे.

धोका काल्पनिक आहे असे कोणी म्हणत असेल, तर २०२४ च्या मार्चमध्ये उघडकीस आलेले एक्सझेड या फाइली आक्रसणाऱ्या सॉफ्टवेअरचे प्रकरण आठवावे. ते इमॅक्सशी संबंधित नव्हते, पण तेथे एकाने दीर्घ काळ मदत करत विश्वास संपादन केला, पॅकेज सांभाळण्याचे अधिकार मिळवले आणि मग त्यात चोरदरवाजा घातला. जी पॅकेजेस एकच थकलेला माणूस मोकळ्या वेळात सांभाळतो, त्या सर्वांना हा धोका लागू होतो.

मग करायचे काय? आपल्यासारख्या ठिकाणी काम करणाऱ्यांनी शक्य तेवढे पहिल्या दोन भांडारांवर भागवावे. मेल्पावरचे एखादे पॅकेज लागलेच तर बसवण्याआधी त्याची रिपॉझिटरी उघडून कोड वाचावा. बहुतेक पॅकेजेस काहीशे ओळींची असतात. बाहेरचा प्रोग्रॅम चालवणाऱ्या आणि जालावरून काही मागवणाऱ्या ओळी कुठे आहेत तेवढे तरी पाहावे, आणि शब्दांना रंग देणाऱ्या पॅकेजला जालाची गरज का लागावी हा प्रश्न स्वतःला विचारावा. मेल्पाचीच ‘स्टेबल’ नावाची दुसरी शाखा आहे. तीत लेखकाने स्वतः आवृत्ती जाहीर केलेला कोडच येतो, त्यामुळे अर्धवट काम आपल्यापर्यंत येण्याची शक्यता कमी होते. सुरक्षेची ती हमी मात्र नव्हे. अद्ययावत करण्याची घाई करू नये, पण इमॅक्स स्वतः मात्र ताजे ठेवावे : २०२५ च्या फेब्रुवारीत आलेल्या ३०.१ या आवृत्तीत सुरक्षेच्या गंभीर त्रुटी दुरुस्त झाल्या आहेत, आणि अनोळखी लिस्प फाइल नुसती उघडल्याने कोड चालू नये यासाठी ‘ट्रस्टेड-कंटेंट’ ही नवी व्यवस्थाही तीत आहे.

प्रश्न : मी अनुवादाचे सगळे काम ऑर्ग मोडमध्ये करतो. नवी आवृत्ती बसवल्यापासून आवृत्ती जुळत नसल्याच्या सूचना येतात आणि निर्यात होत नाही. गिट वापरण्यासाठीचे मॅगिट हे पॅकेज बसवतानाही तशीच अडचण आली.
— अनुवादक, पणजी

दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. ऑर्ग मोड इमॅक्सबरोबर येतो आणि त्याची नवी प्रत ग्नू एल्पावरही असते. इनिट फाइलमधल्या एखाद्या ओळीने जुनी, अंगभूत प्रत आधी चालू केली आणि मग नवी बसवली, तर अर्धा ऑर्ग जुना आणि अर्धा नवा अशी मिसळ स्मृतीत तयार होते. कम्पायलेशनही त्याच मिसळीत झालेले असते, म्हणून नुसते इमॅक्स बंद करून उघडल्याने भागत नाही.

उतरवलेली प्रत आधी काढून टाका. टर्मिनलमधून इमॅक्स ‘वजा मोठा क्यू’ या पर्यायासह सुरू करा, म्हणजे इनिट फाइल वाचलीच जाणार नाही. कोणतीही ऑर्ग फाइल न उघडता पॅकेजांची यादी उघडा, ऑर्गची नवी प्रत बसवा, आणि मगच नेहमीप्रमाणे इमॅक्स सुरू करा. मॅगिटच्या बाबतीत अडचण ट्रान्झिएंट या पॅकेजची असते. ते आवृत्ती २८ पासून अंगभूत आहे, पण मॅगिटला त्याहून नवे लागते, आणि इमॅक्स अंगभूत पॅकेज आपणहून बदलत नाही. ‘पॅकेज-इन्स्टॉल-अपग्रेड-बिल्ट-इन’ हे चल चालू केले की बदलते. ते आवृत्ती २९ पासून आहे.

आपण मराठीत लिहिता म्हणून आणखी एक : शुद्धलेखन तपासणीसाठी इमॅक्सचे अंगभूत ‘आयस्पेल’ पुरते, पण शब्दकोश बाहेरून लागतो. ॲस्पेल या शुद्धलेखन-तपासनिसाचा मराठी शब्दकोश डेबियन या लिनक्स-वितरणात वेगळे पॅकेज म्हणून मिळतो. प्रत्यय लागलेली अनेक योग्य रूपे त्यात चुकीची दाखवली जातील. ती आपल्या वैयक्तिक शब्दकोशात भरत जावीत.

प्रश्न : महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तीस संगणक आहेत आणि इंटरनेट भरवशाचे नाही. प्रत्येक संगणकावर पॅकेजेस कशी पोचवावीत?
— प्राध्यापक, लातूर

प्रयोगशाळेत डेबियन किंवा उबुंटू असेल, तर मेल्पाकडे वळूच नये. तेथे इमॅक्सची बरीच पॅकेजेस वितरणाच्या स्वतःच्या भांडारात ‘एल्पा’ या उपसर्गाने मिळतात. मॅगिटचे नाव ‘एल्पा-मॅगिट’ असे असते. ती एकदाच, सर्व वापरकर्त्यांसाठी बसतात, आणि वितरणाच्या सुरक्षा-दुरुस्त्यांचा लाभ त्यांना मिळतो. आवृत्ती थोडी जुनी असते, पण वर्गात सर्व विद्यार्थ्यांपुढे एकच आवृत्ती असणे हे ताज्या आवृत्तीपेक्षा अधिक मोलाचे आहे.

विंडोज असेल, तर एका संगणकावर हवी ती पॅकेजेस बसवून, तपासून, इमॅक्सच्या फोल्डरमधले ‘एल्पा’ हे संपूर्ण उपफोल्डर पेन ड्राइव्हवरून इतर संगणकांवर ठेवावे. इमॅक्सची आवृत्ती सर्वत्र एकच असावी. ती वेगळी असलीच, तर प्रत्येक ठिकाणी ‘पॅकेज-रीकम्पाइल-ऑल’ ही आज्ञा चालवावी.

प्रश्न : पॅकेज बसते, पण ते वापरायचे कसे हे समजत नाही. चित्रफिती पाहून सांगितलेल्या ओळी इनिट फाइलमध्ये चिकटवल्या आणि आता इमॅक्स सुरूच होत नाही. शिकण्यासाठी विश्वासार्ह साधने कोणती?
— पत्रकार, नागपूर

आधी इमॅक्स सुरू करून घ्या. ‘डिबग-इनिट’ या पर्यायासह उघडले, तर कोणत्या ओळीशी गाडे अडले ते दिसते. ते कळले नाही, तर इनिट फाइलचा खालचा अर्धा भाग बाजूला काढून पाहा. इमॅक्स सुरू झाले तर दोष त्या भागात आहे. मग त्याचेही दोन भाग करा. मोठ्या फाइलमधला दोषही असा लवकर सापडतो. यापुढे नवे पॅकेज पाहताना ‘इनिट-डिरेक्टरी’ हा आवृत्ती २९ पासूनचा पर्याय वापरून इमॅक्स एका रिकाम्या फोल्डरवर उघडावे आणि पॅकेज तेथे चालवून पाहावे. आपल्या रोजच्या मांडणीला धक्का लागत नाही.

शिकण्यासाठी चित्रफितींच्या आधी मॅन्युअल वाचावे, हे मी कळकळीने सांगतो. कंट्रोल-एच नंतर आर दाबले की इमॅक्सचे मॅन्युअल, आणि आय दाबले की बसवलेल्या सर्व पॅकेजांच्या मॅन्युअलांची सूची उघडते. ऑर्ग आणि मॅगिट यांची मॅन्युअले तेथेच आहेत. याच सूचीत रॉबर्ट चॅसेल यांनी प्रोग्रॅमर नसलेल्यांसाठी लिहिलेली इमॅक्स लिस्पची प्रास्ताविकाही असते. तिची पहिली काही प्रकरणे वाचली तरी इनिट फाइलमधली ओळ कशासाठी आहे हे कळू लागते, आणि न कळलेली ओळ आपण चिकटवत नाही. बसवलेल्या पॅकेजची माहिती कंट्रोल-एच नंतर मोठा पी दाबून मिळते. त्यात त्याच्या मूळ पानाचा दुवा असतो.

नवे काय आले हे पाहायचे असेल, तर साशा चुआ दर आठवड्याला प्रसिद्ध करतात ते ‘इमॅक्स न्यूज’ वाचावे. त्या आठवड्यातले लेख, चित्रफिती आणि भांडारांत दाखल झालेली नवी पॅकेजेस यांचे दुवे त्यात एकत्र मिळतात. इमॅक्सकॉन्फ या वार्षिक संमेलनातली भाषणे जालावर विनामूल्य पाहता येतात, आणि पॅकेजचा लेखकच ते वापरून दाखवत असल्यामुळे त्यांचा उपयोग होतो. डूम आणि स्पेसमॅक्स यांसारख्या तयार मांडण्या काहींना सोयीच्या वाटतात, पण आपण ज्या अवस्थेत आहात त्या अवस्थेत त्या घेऊ नका. त्यांत एकाच वेळी शंभरांहून अधिक पॅकेजेस येतात आणि काही बिघडले तर ते कोणामुळे बिघडले हे शोधणे अवघड जाते.

दोष पॅकेजमध्येच आहे अशी खात्री पटली, तर तो लेखकाला कळवावा. इमॅक्सची आवृत्ती, पॅकेजची आवृत्ती, रिकाम्या मांडणीवर दोष दिसण्यासाठी काय काय दाबावे याचा क्रम, आणि आलेली सूचना जशीच्या तशी, एवढे लिहिले की पुरे. देवनागरी मजकुरावर एखादे पॅकेज चुकत असेल, तर हे विशेषकरून करावे : जोडाक्षरावर कर्सर कसा सरकतो किंवा तक्त्यातले स्तंभ कसे वाकडे होतात, हे देवनागरी न लिहिणाऱ्या लेखकाला दिसतच नाही, आणि नमुन्यादाखल दोन ओळी पाठवल्याशिवाय ते दिसणारही नाही.